गोडेलचं प्रमेय आणि नववीतले मूळ अवयव

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचा मनात होतं.

मी नाशकात आठवी-नववीचे गणिताचे क्लास घेते. मध्यंतरी मूळ अवयव चालले होते तेव्हा एका मुलाने विचारलं, बाई, ३६० चे अवयव कुठूनही पाडायला घेतले तरी शेवटी तीन वेळा २, दोन वेळा ३ आणि एकदा ५ हेच येतं, पण येईना का, त्याचं करायचं काय? मी लसावि-मसावि, अपूर्णांक वगैरे नेहमीचं सांगितलं, तो खाली बसला. पण घरी येईपर्यंत मला चैन पडेना, कारण या साध्या गोष्टीचा मला माहीत असलेला सगळ्यात सुंदर उपयोग मी त्याला सांगितलाच नव्हता. पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं काढून सांगितला, तोच इथे लिहिते.

१९३१ साली कुर्ट गोडेल या व्हिएन्नातल्या तरुण गणितज्ञाचा निबंध छापून आला. त्यातलं प्रमेय थोडक्यात असं: अंकगणिताची गृहीतकं आणि नियम ठरवून जी पद्धत बांधाल, ती सुसंगत असेल तर तिच्यात सिद्धही होत नाहीत आणि ज्यांचं उलटही सिद्ध होत नाही अशी विधानं राहतातच. गोडेल म्हटलं की लोक एकदम 'गणितालाही मर्यादा आहेत' या वाक्यावर उडी मारतात, आणि मधली जी हिशेबाची करामत आहे ती कुणी दाखवतच नाही. माझ्या मते सगळा जीव त्या करामतीत आहे.

करामत अशी. आपण चारच चिन्हं घेऊ. ० ला नंबर १. 'प' ला २ (प म्हणजे 'च्या पुढची संख्या', म्हणजे प० म्हणजे एक, पप० म्हणजे दोन). = ला ३. आणि 'न' ला ४ (न म्हणजे 'असं नाही').

आता ०=० हे विधान घ्या. चिन्हांचे नंबर ओळीने १, ३, १. मूळ संख्या ओळीने २, ३, ५. हे नंबर त्या मूळ संख्यांच्या डोक्यावर घातांक म्हणून ठेवायचे आणि गुणाकार करायचा: २^१ × ३^३ × ५^१ = २ × २७ × ५ = २७०. झालं, ०=० चा नंबर २७०.

प०=प०, म्हणजे एक बरोबर एक. नंबर २, १, ३, २, १. म्हणून २^२ × ३ × ५^३ × ७^२ × ११ = ८,०८,५००.

आणि उलट यायचं तर? अवयव पाडायचे! कुठूनही पाडा, तेच येणार, म्हणून विधान जसंच्या तसं परत मिळणार, त्यात दुमत व्हायला जागाच नाही. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. प्रत्येक संख्येतून विधान निघतंच असं मात्र नाही. १०० = २^२ × ५^२, मधला ३ गायब, म्हणजे ही कशाचाच नंबर नाही. २१६ = २^३ × ३^३, म्हणजे '==', चिन्हं आहेत पण अर्थ नाही.

आता खरी गंमत, इथे थांबून वाचा. 'हे विधान न ने सुरू होतं' ही झाली व्याकरणाची गोष्ट. पण न चा नंबर ४ आणि पहिली मूळ संख्या २, म्हणजे त्या विधानाच्या नंबराला १६ ने भाग जाणार आणि ३२ ने जाणार नाही. ही झाली भागाकाराची गोष्ट! म्हणजे विधानांबद्दल जे बोलायचं ते संख्यांबद्दल बोलून भागतं. आणि अंकगणिताला तर संख्यांबद्दल बोलता येतंच. म्हणजे अंकगणित स्वतःच्याच विधानांबद्दल बोलायला लागलं, आणि आपण त्याला काही नवीन शिकवलंही नाही.

सोडवायला एक देते: २७,१६,५६०. कागद-पेन्सिल घ्या, कॅल्क्युलेटर नको.

अर्धविराम

सोडवला. १६ ने भागला तर १,६९,७८५, विषम आला, म्हणजे ३२ ने जात नाही, म्हणजे न ने सुरू होणारं विधान आहे हे पहिल्याच पायरीला कळलं! पुढे ९ ने भागून १८,८६५, ५ ने भागून ३,७७३, आणि ते ७×७×७×११. घातांक ४, २, १, ३, १. म्हणजे नप०=०, 'एक म्हणजे शून्य नव्हे'.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आज हे कुणाला नवल वाटत नाही कारण आपण रोज तेच करतो, हा धागा मोबाइलवर टाइप करताना प्रत्येक अक्षर शेवटी नंबरच होतं, युनिकोडमध्ये अ म्हणजे २३०९, क म्हणजे २३२५, म म्हणजे २३५०. पण १९३१ साली कॉम्प्युटर नव्हता हो. मजकूर आणि संख्या या एकाच मालाच्या दोन पिशव्या आहेत हे तेव्हा कागदावर दिसणं ही फार मोठी नजर आहे. ताई, फार आवडलं, वाखूसा (वाचनखूण साठवली).

तुंगभद्रा

मी बंगळूरला असते, कर्नाटक संगीत शिकतेय, म्हणून मला लगेच कटपयादि आठवलं. तिथे अक्षरांना अंक दिलेत, क ट प य म्हणजे १, ख ठ फ र म्हणजे २, असं पुढे. मेळकर्त्यांची, म्हणजे मूळ रागांची, नावं त्यावरच बेतलीत. धीरशंकराभरणम्, धी म्हणजे ९, र म्हणजे २, उलट वाचायचं, २९. तो एकोणतिसावा मेळकर्ता. मेचकल्याणी, मे ५ आणि च ६, उलट ६५. मग हे आपल्याकडे आधीच होतं असं म्हणता येईल का? वाद घालायचा नाहीये, खरंच विचारतेय.

मधलीसुट्टी

तुंगभद्रा, चांगला प्रश्न आहे. मी कॉलेजात गणित शिकवतो, जमेल तेवढं सांगतो.

कटपयादीत संख्येकडून शब्दाकडे जायचं असतं, संख्या लक्षात राहावी म्हणून शब्द. एका संख्येला कितीतरी शब्द चालतात आणि तीच तिची सोय आहे, कवीला छंदात बसेल तो शब्द निवडता येतो. पण त्यामुळेच परतीची वाट एकच राहत नाही, २९ वरून 'धीर' होता की 'धर' की आणखी काही हे सांगता येणार नाही. गोडेलला नेमकी परतीची वाट हवी होती, आणि ती अवयवांनी दिली. दुसरं म्हणजे व्याकरणाचे नियम संख्यांच्या नियमांत उतरवायचे हा हेतू कटपयादीचा नव्हताच. दोन्ही सुंदर आहेत, पण कामं वेगळी.

मूळ निबंधातली मांडणी पाटीपेन्सिल ताईंनी दिली तशीच आहे, नंबर तेवढे वेगळे. गोडेलने सात मूळ चिन्हांना १, ३, ५, ७, ९, ११, १३ असे विषम नंबर दिले, चलांना १३ च्या पुढच्या मूळ संख्या आणि त्यांचे घात. मग एकापाठोपाठ एक ४६ व्याख्या आहेत. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की प्रमेय नंतर वाचा, आधी ही यादी बघा. पहिली व्याख्या: अमक्याला तमक्याने भाग जातो. दुसरी: अमकी संख्या मूळ आहे. अगदी शाळेतलं. तिथून विटेवर वीट ठेवत जातो, आणि ४५ वी व्याख्या येते: 'क्ष हा य या विधानाच्या सिद्धतेचा नंबर आहे'. इथपर्यंतचं सगळं ठरावीक पायऱ्यांत तपासून हो किंवा नाही सांगता येतं. ४६ वी: 'य ला सिद्धता आहे'. ही एकटी वेगळ्या जातीची, कारण इथे 'असा कुठलातरी क्ष आहे' असं म्हणावं लागतं, आणि तो किती मोठा असेल याला काही बांध नाही, शोधत बसलात तर शोध संपेलच याची हमी नाही. सगळं नाट्य ४५ आणि ४६ च्या मधल्या त्या एका पायरीत आहे.

कोरडवाहू

ताई, सर, मी गणिताचा माणूस नाही, कृषी खात्यात आहे, पण हे तीनदा वाचलं. दोन ठिकाणी अडलोय.

एक, सिद्धता म्हणजे तर ओळींची यादी, तिला एक नंबर कसा?

दोन, मी ऐकलंय की गोडेलचं विधान 'मला सिद्धता नाही' असं स्वतःबद्दल म्हणतं. आता विधानाचा नंबर हा त्या विधानापेक्षा कितीतरी मोठा असतो, प०=प० एवढीशी पाच चिन्हं आणि नंबर आठ लाखांचा. मग विधानाच्या पोटात त्याचा स्वतःचा नंबर मावणार कसा? घरात घरापेक्षा मोठं कपाट ठेवल्यासारखं झालं की हे.

पाटीपेन्सिल

कोरडवाहू भाऊ, पहिल्याचं मी सांगते. तीच युक्ती पुन्हा वापरायची. सिद्धतेतल्या पहिल्या ओळीचा नंबर २ च्या डोक्यावर, दुसऱ्या ओळीचा ३ च्या डोक्यावर, असं. समजा सिद्धतेची पहिली ओळ ०=०, म्हणजे २^२७०, आणि हीच ८२ अंकी संख्या आहे. पहिली ओळ प०=प० असेल तर २^८०८५००, तिला सुमारे २ लाख ४३ हजार अंक! कुणी लिहून काढायची नाही, ती ठरलेली आहे आणि तिच्यातून अवयवांनी सिद्धता परत निघते एवढंच पुरे.

दुसऱ्याचं कपाटाचं उदाहरण फार नेमकं दिलंत, मी स्वतः तिथे कितीतरी दिवस अडले होते. कुणीतरी नीट सांगा.

अर्धविराम

मी प्रयत्न करतो, कारण प्रोग्रॅमिंगमध्ये हीच गोष्ट हाताने करून बघता येते, स्वतःचाच सगळा मजकूर छापणारा प्रोग्रॅम लिहा असं सांगितलं की सगळे आधी हाच प्रश्न विचारतात.

कपाट घरात ठेवायचंच नाही, कपाट बनवायची कृती घरात ठेवायची.

रिकामी जागा असलेलं विधान घ्या, त्याला साचा म्हणू. साच्यालाही नंबर असतो. आता हा साचा बघा:

'____ नंबरच्या साच्यातल्या रिकाम्या जागी त्याचाच नंबर भरला की जे विधान तयार होतं, त्याला सिद्धता नाही.'

हे सगळं संख्यांच्या भाषेत लिहिता येतं, कारण 'रिकाम्या जागी नंबर भरणं' हीसुद्धा एका संख्येवरून दुसरी संख्या काढायची रीत आहे. आता या साच्याचा नंबर समजा म. त्या रिकाम्या जागी म भरा. काय तयार झालं?

'म नंबरच्या साच्यातल्या रिकाम्या जागी त्याचाच नंबर भरला की जे विधान तयार होतं, त्याला सिद्धता नाही.'

याला ग म्हणू. ग कुणाबद्दल बोलतंय? म नंबरच्या साच्यात म भरल्यावर जे तयार होतं त्याबद्दल. आणि म नंबरच्या साच्यात म भरल्यावर काय तयार होतं? आत्ताच तर केलं आपण, ग तयार होतं! ग मध्ये ग चा नंबर नाहीये, म आहे, आणि म हा साच्याचा नंबर, तो ग च्या नंबरापेक्षा लहानच. ग मध्ये फक्त कृती आहे, आणि ती केली की नेमका ग चाच नंबर हातात येतो.

कोरडवाहू

काल रात्री वाचलं तेव्हा नाही बसलं डोक्यात. आज दौऱ्यावर एसटीत वहीच्या मागच्या पानावर तुमचा साचा लिहिला, रिकाम्या जागेत म लिहिला आणि मग दोन्ही ओळी शेजारी ठेवून बोट फिरवत वाचल्या, आणि एकदम उजेड पडला. शेजारच्या प्रवाशाला सांगावंसं वाटत होतं. मनापासून आभार.

आता पुढचा प्रश्न. ग ला सिद्धता नाही असं म्हणतात, आणि ग खरं आहे असंही म्हणतात. सिद्धता नाही तर खरं आहे हे कुणी ठरवलं?

मधलीसुट्टी

हा प्रश्न टाळला की सगळा घोटाळा होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी समजा ग ला आपल्या पद्धतीत सिद्धता सापडली. मग तिचा ठरावीक नंबर आहे, समजा स. 'स हा ग च्या सिद्धतेचा नंबर आहे' हे ४५ व्या व्याख्येचं काम, ते ठरावीक पायऱ्यांत तपासता येतं, आणि असं जे जे तपासता येतं ते आपल्या पद्धतीला सिद्धही करता येतं. म्हणजे पद्धत 'ग ला सिद्धता आहे' हे सिद्ध करेल. पण ग चं म्हणणं नेमकं उलटं आहे. म्हणजे ग सुद्धा सिद्ध आणि ग च्या उलटही सिद्ध, म्हणजे पद्धतच विसंगत. म्हणून पद्धत सुसंगत असेल तर ग ला सिद्धता नाही.

आता ग काय म्हणत होतं? हेच, की ग ला सिद्धता नाही. म्हणजे ग चं म्हणणं बरोबर निघालं. हे आपण पद्धतीच्या बाहेर उभं राहून, 'पद्धत सुसंगत असेल तर' अशी अट घालून म्हटलं. ती अट विसरायची नाही. 'माणसाला कळतं पण यंत्राला कळत नाही' असं जे लिहिलं जातं ते ही अट गाळून लिहिलेलं असतं. 'सुसंगत असेल तर ग' एवढं तर पद्धतीलाही सिद्ध करता येतं.

आणि ग च्या उलट विधानाला सिद्धता नाही हे दाखवायला गोडेलला साध्या सुसंगतीपेक्षा जरा जास्त कडक अट लागली होती. १९३६ साली रॉसर या तर्कशास्त्रज्ञाने ग ऐवजी वेगळं, जरा चलाख विधान घेऊन ती जास्तीची अट काढून टाकली, साधी सुसंगती पुरते हे दाखवलं.

निरंजन_वाट

सर्वांचे प्रतिसाद वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. मला वाटतं आपल्याकडे 'नेति नेति' म्हटलंय ते हेच. बुद्धीने कितीही पकडायला गेलं तरी सत्य हातातून निसटतं, गोडेलने ते गणितानेच दाखवून दिलं. मला तर यात फार मोठा दिलासा वाटतो.

पाटीपेन्सिल

निरंजनदादा, तुमचा भाव मला समजतो आणि त्याचा आदर आहे. पण मला इथे कळकळीने सांगावंसं वाटतं की तसं नाहीये, आणि तसं म्हटलं की गोडेलवरही अन्याय होतो आणि उपनिषदांवरही. हे प्रमेय 'सत्य' या विषयावर बोलतच नाही, ते अमुक अटी पाळणाऱ्या पद्धतीबद्दल बोलतं: गृहीतकं कोणती ते यंत्रासारखं ओळखता आलं पाहिजे, पद्धत सुसंगत पाहिजे, आणि तिला नैसर्गिक संख्यांची बेरीज आणि गुणाकार यांच्याबद्दल पुरेसं बोलता आलं पाहिजे. यातली एक जरी अट काढली तरी प्रमेय लागू होत नाही.

वॉर्सात प्रेसबुर्गर नावाच्या तरुण गणितज्ञाने १९२९ साली दाखवलं की नैसर्गिक संख्यांचं फक्त बेरजेचं गणित घेतलं, गुणाकार घेतलाच नाही, तर ते पूर्ण आहे! प्रत्येक विधान एकतर सिद्ध होतं नाहीतर त्याचं उलट सिद्ध होतं, आणि कुठलं ते ठरवायची रीतही आहे. शाळेतली भूमितीसुद्धा टार्स्की या तर्कशास्त्रज्ञाने मांडली त्या स्वरूपात पूर्ण आहे. म्हणजे 'बुद्धीने पकडलं की निसटतं' असं नाही, कुठे निसटतं आणि कुठे पक्कं हाती लागतं याची सीमा आखलेली आहे, आणि मला तिचंच जास्त अप्रूप वाटतं.

निरंजन_वाट

ताई, प्रेसबुर्गरचं माहीत नव्हतं. मान्य, मी घाईने बोललो. मग एक सांगा, बेरीज असताना ठीक आणि गुणाकार आला की अपूर्ण, असं का? गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा बेरीजच ना?

मधलीसुट्टी

'पुन्हा पुन्हा' हेच तर बेरजेच्या भाषेत म्हणता येत नाही. ३ ने गुणणं म्हणता येतं, क्ष+क्ष+क्ष. पण 'क्ष ला य ने गुणणं', जिथे य किती ते माहीत नाही, तिथे किती वेळा बेरीज लिहिणार? आणि ते आलं नाही की मूळ संख्या म्हणता येत नाही, अवयव म्हणता येत नाहीत, मग यादी एका नंबरात बांधता येत नाही. यादी बांधता आली नाही की सिद्धतेबद्दल बोलता येत नाही.

इथे एक अडचण उरते. ताईंनी घात वापरले, पण साध्या अंकगणितात बेरीज आणि गुणाकार एवढंच आहे, घाताचं चिन्ह नाही. मग घात न वापरता यादी कशी बांधायची? गोडेलने त्याच निबंधात पुढे हे केलंय, बाक्यांच्या साहाय्याने. आणि तुंगभद्रा, तुम्हाला हवा होता तसा आपल्याकडचा दुवा खरं तर इथे आहे.

आर्यभटीयात (इ.स. ४९९) कुट्टक आहे, म्हणजे बाक्यांवरून संख्या शोधायची रीत. त्यावरच्या भाष्यात पहिल्या भास्कराचं उदाहरण आहे: अशी संख्या सांगा जिला ८ ने भागल्यास बाकी ५, ९ ने भागल्यास बाकी ४, ७ ने भागल्यास बाकी १. सगळ्यात लहान उत्तर ८५. करून बघा: ८५ = ८०+५ = ८१+४ = ८४+१. आता हे उलटीकडून बघा. माझ्याकडे ५, ४, १ अशी यादी आहे आणि ती मला एका संख्येत ठेवायचीय. ८५ ठेवली. परत काढायची तर ८, ९, ७ ने भागून बाक्या घ्यायच्या. यात घात कुठेच नाही, आणि बाकी म्हणजे शेवटी गुणाकार आणि बेरीजच. भाजकांना एकमेकांत सामाईक अवयव नसला की कुठलीही यादी अशी बांधता येते, आणि तसे भाजक हवे तेवढे बनवायची सोय गोडेलने करून ठेवली. आपल्या लोकांनी हे ग्रहांच्या गणितासाठी केलं होतं, तर्कशास्त्रासाठी नाही, पण हत्यार त्याच घराण्यातलं.

तुंगभद्रा

८५ करून बघितलं. अंगावर काटा आला सर.

जर्सीकर

उशिरा येतोय धाग्यावर. मी न्यू जर्सीत असतो, प्रिन्स्टन गाडीने जवळच. तिथल्या दफनभूमीत गोडेल आणि त्याची बायको अडेल यांचा एकच दगड आहे, साधा, नावं आणि सालं. त्याच दफनभूमीत फॉन नॉयमन या गणितज्ञाचीही कबर आहे, आणि मला हे फार लागतं, कारण हे सगळं पहिल्यांदा पटकन कुणाला कळलं असेल तर त्याला.

सप्टेंबर १९३० मध्ये क्योनिग्सबर्गला परिषद होती. गोडेलचं भाषण वेगळ्या विषयावर, आधीच्या वर्षीच्या प्रबंधातल्या पूर्णता प्रमेयावर होतं. शेवटच्या दिवशी, ७ तारखेला, चर्चेत त्याने थोडक्यात सांगून टाकलं की खरी असून सिद्ध न होणारी विधानं अंकगणितात आहेत. फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. फॉन नॉयमन मात्र नंतर त्याच्याजवळ गेला आणि विचारपूस केली. आणि दुसऱ्याच दिवशी, ८ तारखेला, त्याच गावात हिल्बर्ट या नामवंत जर्मन गणितज्ञाचं भाषण झालं, तो मूळचा तिथलाच, गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं होतं. त्याचे शेवटचे शब्द, आपल्याला कळलंच पाहिजे, आपल्याला कळणारच. तेच पुढे ग्योटिंगेनला त्याच्या कबरीवर कोरले.

२० नोव्हेंबरला फॉन नॉयमनने गोडेलला पत्र लिहिलं की तुमच्या निकालावरून मला आणखी एक गोष्ट निघताना दिसतेय, अशी पद्धत स्वतःची सुसंगती स्वतः सिद्ध करू शकत नाही. गोडेलचा निबंध ती गोष्ट घेऊन १७ नोव्हेंबरलाच मासिकाकडे पोचला होता. तीन दिवस! फॉन नॉयमनने मग त्यावर काही छापलं नाही, श्रेय गोडेलचं म्हणून बाजूला झाला. मला हे फार मोठेपणाचं वाटतं.

कोरडवाहू

जर्सीकर, तुम्ही लिहिलेलं वाचून माणसं डोळ्यासमोर आली.

मला एक सुचतंय, बरोबर की चूक सांगा. ग सिद्ध होत नाही ना, मग ग लाच गृहीतक म्हणून टाकून द्यायचं आत. भगदाड बुजलं की.

अर्धविराम

टाकता येतं, आणि ते चूकही नाही. पण गृहीतक वाढलं की 'सिद्धता' या शब्दाचा अर्थ बदलला, म्हणजे ४५ वी व्याख्या बदलली, साचा बदलला, म चा नंबर बदलला, आणि नव्या पद्धतीचा नवा ग उभा राहिला. तोही टाकला की तिसरा. सगळी खरी विधानं एकदम गृहीतकं करून टाकली तर भगदाड खरंच बुजेल, पण मग एखादं विधान त्या यादीत आहे की नाही हे ओळखायची कुठलीही यांत्रिक रीत राहणार नाही. असं गृहीतक काय कामाचं, जे गृहीतक आहे की नाही हेच ओळखता येत नाही.

तुंगभद्रा

असं एखादं विधान आहे का जे साचा वगैरे करून मुद्दाम घडवलेलं नाही, साधं संख्यांबद्दल आहे, आणि तरी सिद्ध होत नाही?

मधलीसुट्टी

आहे, आणि नववीच्या मुलालाही समजेल असं. गुडस्टाइनची क्रमिका. ४ घ्या. २ च्या भाषेत लिहा, २^२. जिथे जिथे २ आहे तिथे ३ करा, ३^३ = २७, एक वजा करा, २६. आता २६ ला ३ च्या भाषेत लिहा, २×९ + २×३ + २. ३ चे ४ करा, ४२, एक वजा, ४१. पुढे ४ चे ५ करा, ६१, एक वजा, ६०. मग ८३. मग १०९. (संख्या मोठी असली तर घातांकसुद्धा त्याच भाषेत लिहायचे.) वाटतं की ही वाढतच जाणार. पण गुडस्टाइनने १९४४ साली सिद्ध केलं की कुठल्याही संख्येपासून सुरुवात केली तरी ही क्रमिका शेवटी ० वर येते! ३ पासून केलीत तर पाच मिनिटांत दिसेल: ३, ३, ३, २, १, ०. ४ पासून मात्र हाताने करून कधीच पोचणार नाही, इतकं लांब आहे ते.

त्याच्या सिद्धतेला अनंतापलीकडच्या क्रमांकांची मदत लागते. आणि १९८२ साली कर्बी आणि पॅरिस यांनी दाखवलं की ती मदत टाळता येत नाही, नेहमीच्या अंकगणिताच्या (पेआनोच्या) गृहीतकांतून हे सिद्ध होऊच शकत नाही. म्हणजे इथे 'सिद्ध होत नाही' याचा अर्थ 'कुणालाच कधी सिद्ध करता येणार नाही' असा अजिबात नाही. त्या पद्धतीत नाही, तिच्याबाहेर आहे, आणि छापलेली आहे.

निरंजन_वाट

हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं असं समजतो. ४ ची क्रमिका वहीत १०९ पर्यंत करून पाहिली, पुढची पायरी करतोय.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे खरंच आभार, विशेषतः मधलीसुट्टी सरांचे, ८५ चं उदाहरण मी उद्याच वर्गात घेणार आहे.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. मी वर्गात २७,१६,५६० दिला होता, तो त्याने आधी १६ ने भागून मग ३२ ने भागायचा प्रयत्न करून 'न आहे, न आहे' म्हणून ओरडत सोडवला. काल क्लास सुटल्यावर थांबला आणि वहीचं पान फाडून दिलं, म्हणाला, बाई, हा माझा, घरी सोडवून आणा. पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गुणाकार खोडलेले, आणि खाली चौकटीत २१,४६,२८,६१,४२०. मी रात्री जेवणं आटपल्यावर बसले. ४ ने गेला, ८ ने नाही. ९ ने गेला, २७ ने नाही. ५ ने एकदा. मग ७ ने गेला, पुन्हा गेला, पुन्हा गेला, चौथ्यांदा नाही. म्हणजे मधोमध = आहे. ११ दोनदा, १३ दोनदा, शेवटी १७ उरले.

पप०=पप०. दोन बरोबर दोन. सातही मूळ संख्या बरोबर लावल्यात आणि गुणाकारात कुठेही चूक नाही.